वासोटा, नागेश्वर आणि कोयनेचं जंगल: परवान्यापासून तंबूपर्यंत

कोयनेच्या जंगलात तंबू ठोकता येत नाही. हे आधी पक्कं समजून घेतलं की बाकीचा बेत सरळ आखता येतो. वासोटा किल्ला, नागेश्वरची गुहा आणि त्यांच्याभोवतीचं सगळं रान कोयना अभयारण्यात येतं. अभयारण्य १९८५ सालचं. २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी अशा चार जागा त्यात आल्या. त्यामुळे आत फक्त दिवसा जायचं, ठरलेल्या वाटेनं चालायचं आणि संध्याकाळच्या आत कोयना धरणाच्या जलाशयाच्या अलीकडे परतायचं. मुक्काम अलीकडच्या काठावर: बामणोली, शेंबडी किंवा तापोळ्याच्या बाजूला. जुन्या ट्रेकवर्णनांत गडावर किंवा नागेश्वरच्या गुहेत रात्र काढल्याचे उल्लेख सापडतात. ते त्या काळचे. आज तसं करणं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ओढवून घेणं.

तरीही तळ ठोकून दोन दिवस काढण्यासारखा हा भाग आहे. रात्र जलाशयाच्या काठी, दिवस जंगलात. या दोन्हींमध्ये लाँच आहे आणि सगळा बेत तिच्या घड्याळावर चालतो.

कधी जायचं

अभयारण्य पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पर्यटकांसाठी बंद असतं. इथे अनेकांचा बेत फसतो. सप्टेंबरमध्ये कासची फुलं आणि वासोटा एकाच फेरीत उरकू म्हणून लोक निघतात आणि बामणोलीच्या धक्क्यावरून मागे फिरतात. फुलं बघायची तर सप्टेंबर, वासोटा करायचा तर दिवाळीच्या आसपास किंवा नंतर. अमुक तारखेला नक्की उघडलंय का, हे पाऊस लांबला असेल तर वन विभागाकडे विचारूनच निघा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. ओढ्यांना पाणी असतं, हवा स्वच्छ असते आणि जलाशय भरलेला असल्यानं लाँच जंगलाच्या अगदी जवळ लागते. फेब्रुवारीत ओढे आटू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी खूप खाली जातं. मग लाँच दूर थांबते आणि तापलेल्या, भेगाळलेल्या गाळातून सावलीशिवाय चालावं लागतं. करवंदं-जांभळांचे दिवस असल्यानं अस्वलंही वाटेच्या आसपास असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उन्हाळा टाळलेला बरा.

शनिवार-रविवार आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्या हा आणखी एक वेगळा ऋतूच समजा. वाटेवर शंभर माणसं असली की प्राणी सोडाच, पक्षीसुद्धा दिसत नाहीत. मधला वार मिळत असेल तर रजा टाकून जा.

परवाना आणि लाँच

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली साधारण ३५ ते ४० किलोमीटर आहे, पण घाटरस्त्यामुळे दीड तास धरा. पेट्रोल साताऱ्यातच भरा आणि रोख पैसे तिथूनच घ्या, कारण पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि रेंज नसली की यूपीआय गेलं. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची गाडी चुकली तर मुक्कामाला पर्याय उरत नाही.

बामणोलीत दोन कामं असतात: वन विभागाची परवानगी आणि बोट क्लबची लाँच. परवानगीसाठी गटातल्या सगळ्यांची नावं, वयं, पत्ते आणि ओळखपत्र लागतं. ही यादी घरूनच दोन प्रतींत लिहून न्या. खिडकीपाशी उभं राहून दहा जणांची नावं लिहिण्यात अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास दुपारी गडावर कमी पडतो. प्रवेश शुल्क माणशी असतं, कॅमेऱ्याचं वेगळं. लाँचचं भाडं मात्र माणशी नसून अख्ख्या लाँचचं असतं आणि तीच लाँच पलीकडे थांबून तुम्हाला परत आणते. म्हणजे चौघांनी गेलं काय नि दहा जणांनी गेलं काय, एकूण खर्च तोच. दोघं-तिघं असाल तर धक्क्यावर सकाळी लवकर पोचून दुसऱ्या लहान गटाशी जमवून घ्या. जमवताना त्यांचा चालण्याचा वेग विचारा, कारण परतताना सगळे आल्याशिवाय लाँच सुटत नाही. दर बदलत असतात. फलकावर लिहिलेला दर वाचून पावती घ्या.

तापोळा आणि शेंबडीहूनही लाँच मिळतात. महाबळेश्वरकडून येणाऱ्यांना तापोळा सोयीचं वाटतं, पण तिथून पाण्यातलं अंतर जास्त आहे आणि तेवढा वेळ जंगलातून कापला जातो.

लाँचवर चढल्यावर लाइफ जॅकेट घालून बंद लावायचे. बसायला गादी म्हणून ते खाली घेणारे हमखास दिसतात. फोटोसाठी एका बाजूला गर्दी करू नका. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारनंतर वारा सुटतो आणि परतीच्या वाटेवर लाँच चांगली हलते. शिवसागर हा कोयना धरणाचा जलाशय आहे. तळाशी बुडालेली गावं, झाडांचे खुंट आणि खोल गाळ आहे. पोहायला उतरायची जागा ही नव्हे, काठावरून कितीही शांत दिसली तरी.

घड्याळ

पलीकडे मेट इंदवलीला वन विभागाची चौकी आहे. तिथे नोंद आणि सामानाची तपासणी होते. प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून लिहिल्या जातात, अनामत घेतली जाते आणि परतताना तेवढ्याच वस्तू दाखवाव्या लागतात. नियम चांगलाच आहे, पण वेळ खातो. बिस्किटं-चिवड्याची वेष्टनं घरीच काढून खाऊ स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरला, तर मोजायला पाण्याच्या बाटल्या तेवढ्या उरतात. रोजच्या वापरातल्या दणकट बाटल्या न्या. विकतच्या पातळ बाटल्या चेपतात, झाकणं हरवतात आणि हिशेब चुकतो.

सगळं वेळेवर झालं तर दिवस असा जातो: आठच्या सुमाराला परवानगी, साडेआठला लाँच, सव्वा ते दीड तासात पलीकडे, सव्वादहापर्यंत चौकीतून सुटका. चढाला दोन ते अडीच तास, म्हणजे साडेबारा-पाऊणला माथा. गड पाहायला आणि जेवायला सव्वा तास. दोनला उतरायला लागलं तर साडेतीन-पावणेचारला खाली. संध्याकाळी पाचच्या आत चौकीवर नोंद झालीच पाहिजे आणि हिवाळ्यात झाडीखाली अंधार त्याआधीच पडू लागतो.

यातून एक नियम निघतो आणि तो गटाला लाँचवरच सांगून ठेवायचा: दीड वाजेपर्यंत माथा गाठला नसेल तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. माथा वीस मिनिटांवर असला तरी. उशिरा पोचून धावत उतरणाऱ्यांचेच घोटे मुरगळतात आणि मुरगळलेल्या घोट्याच्या माणसाला उतरवायला दुप्पट वेळ लागतो.

वाट

चौकीपासून सुरुवातीची वाट जवळपास सपाट आहे. धरणामुळे उठलेल्या गावाच्या खुणा आजूबाजूला दिसतात: घरांची जोती, माणसांनी लावलेली जुनी झाडं. पुढे ओढा लागतो आणि त्याच्या काठी गणपती-मारुतीच्या मूर्ती आहेत. पाणी इथेच भरून घ्या. हा ओढा जानेवारीनंतर बेभरवशाचा असतो, त्यामुळे माणशी ३ लिटर पाणी बामणोलीहूनच आणलेलं असावं. ओढ्याचं पाणी त्यात भर म्हणून, तेही गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबल्यावर.

ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि खऱ्या अर्थानं जंगलही. एकूण उंची पाचशे ते सहाशे मीटर चढायची असते आणि यातला बराचसा भाग दाट सावलीत आहे. वाट मळलेली आहे, चुकण्याची भीती कमी. वर गेल्यावर एक फाटा लागतो: एक वाट वासोट्याला, दुसरी नागेश्वरला. पुढे गेलेल्यांनी फाट्यावर थांबून शेवटचा माणूस येईपर्यंत पुढे सरकायचं नाही. या वाटेवर माणूस हरवला तर इथेच हरवतो.

फाट्यानंतर झाडी विरळ होत जाते, कारवी आणि गवत लागतं, ऊन जाणवतं. मग खडकातल्या पायऱ्या आणि पडके दरवाजे. आत शिरल्यावर समोर बिनछपराचं मारुतीचं देऊळ आहे आणि तिथून वाटा फुटतात. उजवीकडची वाट महादेवाच्या देवळावरून लांबट माचीवर जाते. तिथून नागेश्वरचा सुळका, कोकणाकडची रसाळ-सुमार-महिपतची रांग आणि मागे जलाशय दिसतो. डावीकडची वाट जोडटाक्यांवरून झाडीत शिरते आणि बाबूकड्यावर निघते. वेळ एकाच बाजूला पुरेल असं दिसत असेल तर बाबूकडा निवडा. नालेच्या आकाराचा हा कडा कोकणात सरळ तुटलेला आहे आणि समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर उभा आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवूनच हा किल्ला घेतला. कड्यावर उभं राहिलं की ती जागा त्यांनी का निवडली ते लगेच कळतं. कड्याच्या टोकावर वाळलेलं गवत आणि सुटे दगड असतात, म्हणून दोन मीटर मागेच थांबा. पुढे जाऊन बघायचंच असेल तर पालथं झोपून.

जुन्या वासोट्यावर जायच्या भानगडीत पडू नका. वाट मोडलेली आहे, रान माजलेलं आहे, वर पाणी नाही आणि परवानगीही त्या वाटेची नसते.

नागेश्वर

डोंगराच्या पोटातल्या गुहेत शंकराचं स्थान आहे. महाशिवरात्रीला कोकणातून, खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून, लोक चढून येतात. लाँचनं येऊन एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करू असा हिशेब कागदावर जमतो, प्रत्यक्षात फार कमी गटांना जमतो. नागेश्वर पाहायचाच असेल तर फाट्यावरून सरळ तिकडेच जा आणि वासोटा पुढच्या खेपेला ठेवा. तेही त्या दिवशी ती वाट खुली आहे का, हे परवानगी घेतानाच विचारून. चोरवण्याच्या बाजूनं चढ उभा आणि उन्हानं तापणारा आहे. पहाटे निघावं लागतं, आणि त्या बाजूनं चढलात म्हणून अभयारण्याचे नियम सुटत नाहीत.

रान कसं बघायचं

केरळातल्या उंचच उंच वर्षावनाची अपेक्षा ठेवून इथे आलात तर झाडं बुटकी वाटतील. पाऊस इथेही प्रचंड आहे, पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले सात-आठ महिने कोरडे. खडकावर मातीचा थर पातळ आणि घाटमाथ्यावर वारा सतत. त्यामुळे अंजनी, जांभूळ, पिसा ही सदाहरित झाडं उंच न जाता एकमेकांत माथे मिसळून छत धरतात. पूर्वेकडच्या उतारांवर हिरडा आणि पानझडी झाडं मिसळलेली दिसतील. फरक ओळखायची सोपी खूण पायाखाली आहे: वाळक्या पानांचा जाड, कुरकुरणारा थर लागला की तुम्ही निमसदाहरित पट्ट्यात आलात. माती ओलसर, काळी आणि पानं कुजलेली असली की सदाहरित.

माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली दिसल्या तर वर बघा. गारंबीच्या हातभर लांब शेंगा लोंबत असतील. झाडाच्या शेंड्याजवळ काटक्या-पानांचा गोल गठ्ठा म्हणजे शेकरूचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, म्हणून घरटी मोजून शेकरं मोजता येत नाहीत. खोडावर माणसाच्या उंचीला खोल, समांतर ओरखडे असतील तर अस्वल मधासाठी चढलेलं असतं. शेणाचा मोठा पो म्हणजे गवा. तो ताजा, ओला आणि माश्या घोंघावणारा असेल तर आवाज करत पुढे जा.

प्राणी दिसण्याची शक्यता चालताना कमी आणि थांबल्यावर जास्त. ओढ्याजवळ दहा मिनिटं गटानं न बोलता बसावं. शीळकरी कस्तुराची शीळ, धनेशाच्या पंखांचा सपसप आवाज आणि शेकरूचा कर्कश कटकटाट एवढं तरी बहुतेक वेळा मिळतं. ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणाऱ्यांना काय सांगावं, समजत नाही.

काय बिघडतं

आग्या मोहोळ हा इथला सर्वांत गंभीर धोका. कड्यांना आणि उंच झाडांना मोठाली पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ, उग्र वासाचं तेल, धूर आणि दगड भिरकावणं, यांतलं काहीही त्यांना उठवू शकतं. एक माशी डोक्याभोवती घोंघावायला लागली तर हात न झाडता शांतपणे मागे सरका. थवा उठलाच तर तोंड आणि डोकं कपड्यानं झाकून झाडीतून दूर पळा, एका जागी बसून राहू नका. सुरक्षित झाल्यावर काटे नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून लगेच काढा. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर ही लक्षणं दिसली तर जराही न थांबता खाली न्या. ज्याला माशीच्या दंशाची अॅलर्जी माहीत आहे, त्यानं डॉक्टरांनी दिलेलं औषध सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावं.

खाजकुयली त्यामानानं किरकोळ, पण दिवस नासवते. पावसाळ्यानंतर वेलीवर मखमली, सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा दिसतात. ती लव वाऱ्यानंसुद्धा अंगावर येते. लागली की चोळू नका, चोळलं की पसरते. चिकटपट्टी त्या जागेवर लावून उपटा, दोन-तीनदा करा, मग पाण्यानं धुवा. गावातली माणसं शेण लावून, वाळल्यावर खरवडून काढतात आणि त्यानं लव निघते हे खरं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

जळवा पावसाळ्यातल्या, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला की दिसतात. पँट मोज्यांत खोचा आणि मोज्यांवर मीठ-हळदीचं पाणी मारा. चिकटलेली जळू ओढू नका, नख तिच्या तोंडाखाली आडवं सरकवून सोडवा. त्यानंतर रक्त बराच वेळ वाहत राहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. स्वच्छ पट्टी दाबून धरा, घाबरण्यासारखं काही नाही. गोचिडी मात्र परतल्यावर काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि गुडघ्यामागे शोधा. चिमट्यानं कातडीला टेकून पकडून सरळ वर ओढा.

सापांमध्ये चापडा लक्षात ठेवण्यासारखा. हिरवा, त्रिकोणी डोक्याचा आणि दिवसभर फांदीवर हलत नाही. चढताना आधारासाठी न बघता फांदी पकडायची सवय त्यासाठीच मोडायची. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेली असते. चापड्याच्या विषावर ती नाही. त्याचा दंश सहसा जीव घेत नाही, पण वेदना आणि सूज जबर असते आणि दवाखान्यातल्या देखरेखीखालीच राहावं लागतं. साप कुठलाही असो, करायचं तेच: अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, दंश झालेला हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून आणा. आवळून दोरी बांधणं, कापणं, चोखणं, सगळं वर्ज्य. रेंज नसल्यानं दोघांनी पुढे जाऊन चौकीवर सांगायचं, म्हणजे लाँच तयार राहील आणि बामणोलीला १०८ची गाडी बोलावता येईल. गडावरून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत चार-पाच तास सहज लागतात. हा आकडा लक्षात असला की मंत्रतंत्रात वेळ घालवायची बुद्धी होत नाही.

गवा वाटेत उभा असेल तर किमान पन्नास मीटर अंतर राखून थांबा आणि तो जाईपर्यंत वाट बघा. गायीसोबत वासरू असेल तर आणखी मागे सरका. अस्वलाची नजर आणि कान बेताचे, म्हणून ते अचानक समोर येतं. आंधळ्या वळणांवर बोलत चाला. समोर आलंच तर पाठ दाखवून पळू नका, एकत्र राहून हळूहळू मागे या.

उतरताना घसरायला लावतात ती वाळकी पानं. खोल खाचांचे तळवे असलेले बूट हवेत. झिजलेले स्पोर्ट शूज इथे अजिबात चालत नाहीत. तिरकं पाऊल टाका, टाच आधी रुतवा. विजेरी प्रत्येकाकडे, डोक्याला लावायची असेल तर उत्तम, दिवसाचा ट्रेक असला तरी.

काठावरचा तळ

बामणोली-शेंबडी-तापोळा पट्ट्यात गावकऱ्यांचे तंबू भाड्यानं मिळतात. जेवण, शौचालय आणि पिण्याचं पाणी त्यात येतं. पहिल्या खेपेला तेच घ्या. जेवायला भाकरी-पिठलं किंवा कोंबडी हवी असेल तर ती दुपारीच सांगून ठेवावी लागते. स्वतःचा तंबू लावायचा असेल तर जमीनमालकाला विचारून लावा. मोकळी दिसणारी काठाची जागा धरणाच्या हद्दीतली असू शकते.

जागा निवडताना पाण्याला चिकटून बसू नका. थंड हवा रात्री उतारावरून वाहत जाऊन सगळ्यात खालच्या जागी साचते, आणि काठावरचा गाळ वरून कोरडा दिसला तरी खाली ओला असतो. त्यात खुंट्या धरत नाहीत. काठापासून दोन-तीन मीटर उंचीवरची, थोडा उतार असलेली, गवताची जागा बघा. कातळावर खुंटी जाणारच नाही. तिथे दोरीच्या टोकाला पाच-सहा किलोचा दगड बांधा आणि त्यावर दुसरा टेकवा. डोक्यावर वाळलेली फांदी नसावी. दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला करा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास जातो आणि दव पावसासारखं पडतं. तंबू आतून ओला झाला की लोकांना तो गळतोय असं वाटतं. बहुतेक वेळा ते आपल्याच श्वासाचं पाणी असतं. वरचं आवरण ताणून, आतल्या कापडाला न टेकवता बांधा आणि थंडी असली तरी झरोके उघडे ठेवा. पांघरुणापेक्षा खालची चटई महत्त्वाची, कारण अंगातली ऊब जमीन खेचून घेते. ८ ते १० मिलिमीटर जाडीची फोमची चटई आणि खाली जाड ताडपत्री पुरते. ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर दव तिच्यावरून आत येतं.

स्वयंपाकाला छोटा गॅस न्या. चौघांच्या खिचडीला २ वाट्या तांदूळ, १ वाटी मुगाची डाळ, साडेआठ-नऊ वाट्या पाणी. अर्धा तास आधी भिजवलंत तर गॅस बराच वाचतो. वाऱ्याला आडोसा तीन बाजूंनीच करा. चारही बाजूंनी झाकला तर गॅसची डबी तापून फुटू शकते. तंबूच्या आत गॅस किंवा शेगडी कधीही पेटवायची नाही. जलाशयाचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. शेकोटी हवीच असेल तर गावातल्या आधीच्या चुलीवर, विकत घेतलेल्या लाकडावर. नोव्हेंबरपासून गवत वाळतं आणि एका ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. विझवताना पाणी ओतून राख ढवळा आणि हाताला गार लागेपर्यंत उठू नका. भांडी काठावर घासू नका, पाणी वर आणून राखेनं घासा. उरलेलं अन्न तंबूत ठेवलं तर उंदीर कापड कुरतडतात आणि रानडुकरं येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ते गाडीत किंवा यजमानांच्या घरात ठेवा.

लाँचचा दिवस दुसरा ठेवा. आदल्या दुपारी येऊन तंबू लावावा, यादी आणि लाँच पक्की करावी, लवकर झोपावं. ज्या रात्री साताऱ्याहून पहाटे पाचला निघायचं असतं, त्या रात्री झोप होत नाही आणि मग चढावर ती जाणवते.

पावसातलं जंगल हवं असेल तर

जून ते सप्टेंबरात कोयना बंद असते, म्हणून पावसातलं सदाहरित रान पाहायला सिंधुदुर्गातल्या आंबोलीला जा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जागी तंबूचा विचारही करू नका. तंबू, पांघरूण आणि उत्साह तिन्ही पहिल्याच रात्री भिजतात. गावातल्या घरगुती निवासात खोली घ्या आणि रात्री स्थानिक वाटाड्यासोबत दोन तास बेडूक बघायला निघा. मलबारी उडता बेडूक, २००९ मध्ये नव्यानं वर्णन झालेला आणि फक्त याच परिसरात सापडणारा आंबोलीचा भेक, चापड्याचा भाऊबंद असलेला मलबारी चापडा, हे सगळं रस्त्याच्या कडेला आणि कातळावर दिसतं. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडलेला मासा २०२०मध्ये विज्ञानाला माहीत झाला आणि २०२१मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तिथल्या कुंडात पाय घालू नका. बेडकाला हात लावायचा नाही, हाताला डास पळवायचं मलम असेल तर अजिबातच नाही, कारण त्यांची कातडी ते शोषून घेते. विजेरीचा झोत थेट डोळ्यांवर आणि फार वेळ धरू नका.

सिंधुदुर्गात आणखी एक खबरदारी हवी. दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि त्याचा काळ हिवाळा-उन्हाळा. त्या महिन्यांत या बाजूच्या जंगलात फिरून आल्यावर आठवडाभरात ताप आला, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आपणहून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

आंबोलीत रात्री गाडी चालवणार असाल तर वेग वीसच्या खाली ठेवा. पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक आणि खेकडे काचेतून दिसतच नाहीत. शक्य असेल तर गाडी निवासाजवळच लावा आणि चालतच जा.